चेसिस नंबर आधी: सेकंड हँड गाडीच्या सहा महिन्यांच्या नोंदी

आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, यवतमाळला असतं. आमचं गाव आर्णीपासून तेरा किलोमीटर आत. सकाळची एसटी आली तरी आर्णीला बदलावी लागते, आणि परतताना आईला उभं राहवत नाही. म्हणून गाडी घेतली. नवी परवडणारी नव्हती. वहीत जे लिहीत गेलो ते थोडं नीट करून देतोय, चुका आणि खर्च न लपवता. गाडीच्या कंपनीचं नाव लिहिलेलं नाही, कारण मी जिथे चुकलो तिथे कोणत्याही कंपनीची गाडी घेणारा चुकू शकतो.

१२ जानेवारी २०२५

अमरावतीला एका एजंटाकडून घेतली. पेट्रोल हॅचबॅक, पांढरी, एमएच-२७ पासिंग, मीटरवर ६१,३०८ किलोमीटर. मागितले २ लाख ६५ हजार, सौदा २ लाख ३८ हजारांत तुटला. एजंट म्हणाला, "२०१७चं मॉडेल, एकच मालक, डॉक्टरसाहेबांची गाडी."

ओळखीचा मिस्त्री सोबत नेला होता, त्याची रोजी ५०० रुपये. त्याने थंड इंजिनावर पहिला सेल मारून पाहिला, ऑइलच्या झाकणाला आतून पांढरा फेस नाही ना ते पाहिलं, दारांची रबरं ओढून खालचा रंग पाहिला, बोनेटच्या बोल्टांना पाना लागलाय का ते पाहिलं. बडनेऱ्यापर्यंत जाऊन आलो. गाडी पाण्यासारखी चालली.

जे पाहायला हवं होतं आणि पाहिलं नाही, ते आज जून महिन्यात बसून इथेच लिहून ठेवतो. टायरवरची तारीख पाहिली नाही. आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा, उत्पादनाचा महिना वाचला नाही. आरसीवरचा चेसिस नंबर, म्हणजे प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख नंबर, गाडीवर कोरलेल्या नंबराशी ताडून पाहिला नाही. कंपनीच्या वर्कशॉपमधून जुन्या सर्व्हिसची यादी मागितली नाही. किल्ली फिरवल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागतो की नाही, तेही पाहिलं नाही. या पाचही गोष्टींना मिळून अर्धा तास लागला असता, आणि पैसा एकही नाही.

२८ जानेवारी

कागद. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्याच होत्या, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. पहिल्या मालकाने कर्ज कधीच फेडलेलं, मात्र बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आरटीओत दिलंच नव्हतं. बँकेच्या पत्रासाठी दोन चकरा, सोळा दिवस. विमा मात्र पहिल्याच आठवड्यात नावावर करायला टाकला. त्याला खरेदीपासून चौदा दिवसांचीच मुदत असते आणि तोवर अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचे पैसे अडकतात. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणून नवी सुरक्षा नंबर प्लेटही (एचएसआरपी) लागणार: ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९.

९ फेब्रुवारी

टायर. बाहेरून काळेभोर, नक्षी बरी. हवा भरणाऱ्या पोराने बोट ठेवून दाखवलं: लांबट खणात चार आकडे, ३११८. म्हणजे २०१८ सालचा ३१वा आठवडा. साडेसहा वर्षांचे टायर. आपल्याकडे मे महिन्यात डांबर बुटाला चिकटतं, त्या रस्त्यावर आईला घेऊन यावर जायचं नाही, हे तिथेच ठरवलं. चार टायर ३,९०० प्रमाणे १५,६०० आणि अलाइनमेंट ७००.

स्टेपनीवर ४२१६ होतं. ती न वापरलेली, म्हणून तशीच ठेवली. त्या आकड्याचा आणखी एक अर्थ होता, तो माझ्या डोक्यात शिरायला पुढे अडीच महिने लागले.

२ मार्च

पुढून खडखड. दोन्ही लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश. आमच्या गावरस्त्यावर हे होणारच. ४,१५० रुपये मजुरीसकट.

१६ मार्च

उंदीर. तूर आणि कापूस घरात आला की उंदीरही येतात, आणि बोनेटखाली ऊब असते. पंख्याची वायर तोडली. दुरुस्ती १,२००. तंबाखूच्या पुड्या टांगल्या, डांबराच्या गोळ्या ठेवल्या. चार रात्री बरं गेलं, पाचव्या रात्री पुन्हा लेंड्या. शेवटी रात्री बोनेट उघडं ठेवून वर बल्ब लावायला लागलो. त्या दिवसापासून एकही वायर गेलेली नाही. उजेड त्यांना सोसत नाही एवढंच खरं दिसतं.

७ एप्रिल

पहिल्यांदा बंद पडली. यवतमाळहून परतताना, दुपारी दोनच्या सुमारास, साठच्या वेगात. आधी दोन हिसके, मग इंजिन गप्प. हँडल एकदम जड झालं. कडेला घेतली. सेल व्यवस्थित फिरत होता, गाडी पकडत नव्हती. टेम्परेचरचा काटा मध्यावर. वीस मिनिटांनी एकाच सेलमध्ये सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं.

आई मागच्या सीटवर आडवी होती. "गाडी कायले थांबवली रे बाप्पा?" एवढंच म्हणाली.

११ एप्रिल

मिस्त्रीने प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली. १,९०० रुपये. जुने प्लग फार वाईट नव्हते, ते हातात घेऊन पाहिले तेव्हाच शंका आली होती, पण बोललो नाही.

१७ एप्रिल

पुन्हा तेच, पुन्हा परतताना. मोबाइलवर ४३ अंश दाखवत होतं. या वेळी पस्तीस मिनिटं. रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली आईला सतरंजी टाकून बसवलं. डायलिसिसनंतर तिचं बीपी उतरतं, पाणी तर मोजूनच द्यावं लागतं. ती पस्तीस मिनिटं मी विसरू शकत नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळेच एवढ्या चिकाटीने केलं.

संध्याकाळी दुसरा मिस्त्री. त्याचं म्हणणं, पेट्रोलमध्ये पाणी आहे. टाकी रिकामी करायचे ६०० घेतले. बारा लिटर पेट्रोल, म्हणजे साधारण १,२६०, पार्ट धुवायला ठेवून घेतलं. बाटलीत काढून पाहिलं तेव्हा खाली पाण्याचा थर काही दिसला नाही.

१९ एप्रिल

पुण्याहून पुतण्याचा फोन. "काका, या गाडीचा रिकॉल झाला होता ना पेट्रोल पंपासाठी?" रिकॉल म्हणजे खराबी निघाली म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावून पार्ट फुकट बदलून देणं, आणि पंप म्हणजे टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणारा गाडीतला पंप. त्याने बातमी पाठवली. तीत उत्पादनाच्या तारखा होत्या, २०१६ अखेरपर्यंतच्या. मी आरसी काढली, नोंदणीची तारीख पाहिली: जानेवारी २०१७. म्हटलं, आपली गाडी यात नाही. फोन ठेवून दिला.

या सगळ्या कामातली सर्वांत महाग चूक हीच. नोंदणीची तारीख म्हणजे गाडी विकली गेल्यानंतरची तारीख. कारखान्यातून ती कधी निघाली, ते आरसीवर वेगळं लिहिलेलं असतं, महिना आणि वर्ष. माझ्या आरसीवर ते होतं ११/२०१६. स्टेपनीचा ४२१६ हा आकडाही तेच सांगत होता: २०१६ सालचा ४२वा आठवडा, म्हणजे ऑक्टोबरातला टायर नोव्हेंबरात तयार झालेल्या गाडीत बसलेला. वर्षअखेरीला बनलेली गाडी जानेवारीत पासिंग करून "नव्या सालचं मॉडेल" म्हणून विकणं हा जुना रिवाज आहे.

२४ एप्रिल

तिसऱ्यांदा. दरम्यान इग्निशन कॉइल बदलून झाली होती, २,८५० रुपये. या वेळी तासभर थांबूनही सुरू झाली नाही. मालवाहू पिकअपवाल्याने टोचन करून आर्णीला आणली, १,५०० रुपये. यापुढे कारण सापडेपर्यंत आईला या गाडीत बसवायचं नाही. भाड्याची गाडी, जाऊन-येऊन १,४००.

२६ एप्रिल

आता स्वतःच पाहायचं ठरवलं. वाड्यात भर उन्हात गाडी उभी केली, एसी लावला आणि इंजिन चालू ठेवलं. पन्नास मिनिटांनी बंद पडली. हेच हवं होतं, घराजवळ आणि दिवसाउजेडी.

शेजारच्या काकांनी ओलं पोतं आणलं. "पंपावर टाक, थंड होते." जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचा पंप इंजिनाला लावलेला असायचा, त्याला हा इलाज लागू पडायचा. या गाडीचा पंप विजेवर चालतो आणि मागच्या सीटखाली, टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तिथवर पोतं पोचत नाही.

मग साधी परीक्षा केली. किल्ली नुसती ऑन केली, सेल मारायचा नाही, की पंप दोन सेकंद चालून पेट्रोलचा दाब भरतो. मागच्या सीटला कान लावला तर 'घुं' असा आवाज येतो. सकाळी थंड गाडीत तो येत होता. आता शेजारच्या सातवीतल्या पोराला सीटवर कान लावून निजवलं आणि किल्ली फिरवली. "काहीच नाही वाजून ऱ्हायलं काका." पाच वेळा फिरवली. काहीच नाही.

पंपाचा फ्यूज काढून पाहिला, शाबूत. पंपाची वीज चालू-बंद करणारा रिले खराब असेल म्हणून डब्यातला तशाच मापाचा हॉर्नचा रिले काढून पंपाच्या जागी लावला. तरी आवाज नाही. चाळीस मिनिटांनी पोराने हात वर केला: वाजला. गाडी सुरू झाली. वीज पोचत होती आणि पंपच गरम झाल्यावर आडत होता, याबद्दल आता मला फारशी शंका उरली नाही.

आणखी एक लक्षात आलं. मी नेहमी पाचशे-सहाशेचंच पेट्रोल भरत होतो. पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी तळाला असली की तो आणखी तापतो. कोणाला असाच त्रास असेल तर दुरुस्ती होईपर्यंत टाकी निम्म्याच्या वर ठेवा. बिघाड जात नाही, थोडा लांबतो.

२९ एप्रिल

यवतमाळला पार्टच्या दुकानात. बाहेरच्या कंपनीची नुसती मोटर ४,२००, ओरिजिनल पूर्ण पंप ८,९००. पैसे काढणार होतो. काउंटरवरच्या माणसाने आरसी मागितली, पाहिली आणि म्हणाला, "दादा, हे मॉडेल, हा महिना... कंपनीत आधी चेसिस नंबर टाकून पाहा. याचे पंप कंपनीनं फुकट बदलून दिले आहेत." त्याचं ८,९०० चं गिऱ्हाईक जात होतं, तरी त्याने सांगितलं. मी तिथेच बाकड्यावर बसून आरसीवरचा उत्पादनाचा महिना पहिल्यांदा वाचला.

२ मे

कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकला. 'माहिती उपलब्ध नाही.' तीनदा तेच. आरसीवरची अक्षरं पुसट झालेली, म्हणून गाडीवर कोरलेला नंबर शोधला, मातीचा थर ओल्या फडक्याने काढला आणि मोबाइलने फोटो घेतला. मी शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकत होतो. सतरा आकडी-अक्षरी चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, आकड्यांशी घोळ होऊ नये म्हणून. शून्य टाकला आणि लगेच उत्तर आलं: फ्युएल पंप, काम बाकी.

म्हणजे कंपनीने काही वर्षांपूर्वी बोलावलेली गाडी कोणी नेलीच नव्हती. पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर गेलं असणार, आणि कंपनीकडे फोनही त्याचाच.

पेट्रोल पंपाचे असे रिकॉल आपल्याकडे अनेक झालेत. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपासाठी बोलावल्या. त्याच्या आधीच्या महिन्यात होंडाने ६५,६५१ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी ९०,४६८ गाड्या. एवढ्या गाड्यांतल्या किती हात बदलून आपल्यासारख्यांच्या वाड्यात उभ्या असतील, असं त्या रात्री सारखं मनात येत होतं.

५ मे

जवळच्या अधिकृत वर्कशॉपला फोन. पहिलं उत्तर: "दुसऱ्या मालकाला लागू नाही." मी म्हटलं, खराबी गाडीत आहे, मालकात नाही. दुसरं उत्तर: "सात वर्षांवरची गाडी, नियमात बसत नाही."

हे सात वर्षांचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण ते तुमच्याही तोंडावर फेकलं जाईल. १ एप्रिल २०२१ पासून सरकार स्वतः कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं आणि कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्या नियमात सात वर्षांच्या आतल्या गाड्या धरल्या आहेत. माझ्या गाडीचा रिकॉल कंपनीने स्वतःहून जाहीर केलेला होता. दोन वेगळ्या गोष्टी.

भांडलो नाही. कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल केला: चेसिस नंबर, साइटवरच्या उत्तराचा फोटो, तीन वेळा बंद पडल्याच्या तारखा आणि जागा, आणि गाडीत डायलिसिसचा रुग्ण असतो हे एक वाक्य. वर्कशॉपमध्ये कोणाशी किती वाजता बोललो तेही लिहिलं. उत्तर नाही आलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकायची तयारी ठेवली होती.

८ मे

गरज पडली नाही. कंपनीचा फोन आला: चेसिसवर काम बाकी असेल तर मालक कितवा आणि गाडी किती जुनी हे पाहिलं जात नाही. त्याच दुपारी वर्कशॉपने पार्ट मागवला आणि तारीख दिली.

१४ मे

पंप बदलला. अडीच तास. बिल शून्य. जुना पंप त्यांनी ठेवून घेतला, कंपनीला परत पाठवावा लागतो म्हणाले. कामाच्या कागदाची प्रत मात्र मागून घेतली; पुढे गाडी विकायची झाली तर ती आरसीसोबत द्यायची.

तिथेच बसल्या बसल्या जुन्या सर्व्हिसची यादी मागितली. शेवटची नोंद ऑक्टोबर २०२३, ७८,४१२ किलोमीटर. मी जानेवारीत घेतली तेव्हा मीटरवर ६१ हजार! मीटर मागे फिरवलेलं. यादी पाहून पोटात कालवलं.

मेकॅनिकने मीटरचे स्क्रू पाहिले, डोकी खरवडलेली. मीटर उघडलं तर एअरबॅगच्या दिव्यावर आतून काळी पट्टी चिकटवलेली. किल्ली ऑन केली की तो दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. माझ्या गाडीत तो कधी लागलाच नव्हता, आणि मला वाटत होतं दिवा नाही म्हणजे दोष नाही. पट्टी काढल्यावर कायम जळत राहिला. कारण स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग तुटलेली, ज्या पट्टीतून एअरबॅगला आणि हॉर्नला वीज जाते. हॉर्न वळणावर कधीमधी वाजत नव्हता, ते मी बटणावर ढकलत होतो. चार महिने आईला घेऊन एअरबॅग नसल्यासारखीच गाडी चालवली.

क्लॉक स्प्रिंग ४,६०० रुपये मजुरीसकट. खरे किलोमीटर नव्वद हजारांच्या वर धरून कूलंट, ब्रेक ऑइल आणि गिअर ऑइलही बदलून घेतलं, ५,२००.

एअरबॅगचाही रिकॉल आहे का ते वेगळं तपासलं, माझ्या गाडीला नव्हता. जुन्या गाड्यांत हे पाहायलाच हवं. ताकाता या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं, अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे अंगावर यायचे. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर त्यासाठी बदलायला काढले गेले. आपल्या गाड्या मे महिन्यात उन्हात किती तापतात ते वेगळं सांगायला नको.

२० मे

एजंटाला सर्व्हिसची यादी दाखवली. आधी म्हणाला, त्याच्याकडे आली तेव्हाच मीटर असं होतं. कोर्टात जायचं तर तारखा, आणि सोमवार-गुरुवार माझे बांधलेले. १५ हजार परत घेऊन मिटवलं. कमी घेतले, हे मलाही माहीत आहे.

१८ जून

पंप बदलल्यापासून २,१४० किलोमीटर. दहा खेपा झाल्या, भर उन्हातल्या आणि आता पावसातल्या. एकदाही बंद पडली नाही.

कारण सापडेपर्यंत वाया गेलेले पैसे: प्लग आणि थ्रॉटल १,९००, टाकी रिकामी करणं ६००, पेट्रोल १,२६०, कॉइल २,८५०, टोचन १,५००, भाड्याच्या गाडीच्या पाच खेपा ७,०००. एकूण १५,११०. पहिल्यांदा बंद पडली त्या दिवसापासून सदतीस दिवस.

२२ जून

गावातल्या चारचाकी मालकांना आरसी घेऊन समाजमंदिरात बोलावलं होतं. अकरा गाड्या आल्या, त्यांतल्या नऊ सेकंड हँड. प्रत्येकीचा चेसिस नंबर गाडीवरून वाचला आणि त्या त्या कंपनीच्या साइटवर टाकला. पावसामुळे रेंज जात-येत होती, तीन तास लागले. दोन गाड्यांवर काम बाकी निघालं, एकीचं ब्रेकचं. ब्रेकवाल्या गाडीतून आमच्या गावची सहा पोरं रोज आर्णीच्या शाळेत जातात. तिला वर्कशॉपची २६ तारीख मिळाली आहे. तोवर पोरं एसटीने जातील असं पालकांशी बोलून ठरवलं. दुसऱ्या गाडीचा मालक कामाला नागपूरला असतो, त्याच्या भावाजवळ नंबर लिहिलेला कागद दिला आहे.